खोक्यातलं नारळाचं पाणी

आबा, आज शिरोलीतून आणखी एक कंटेनर न्हावा शेवाच्या बंदराकडे गेला. दिवसभर उन्हात उभं राहून माल भरून घेतला. पाय आता भरून येतात. तुम्ही इथं पॅकिंग मिस्त्री होता तेव्हा नुसते ट्रक जायचे. आता कंटेनरच कारखान्याच्या दारात येतो, सील इथंच लागतं. नव्वद सालाच्या सुमारास परदेशाचं पहिलं काम आलं, तेव्हा खोक्याचं झाकण ठोकण्याआधी तुम्ही नारळ फोडायचा आणि विड्याच्या पानानं ते पाणी आतल्या ओतीव लोखंडी मालावर शिंपडायचा. मी कपाळाला आठ्या घातल्या की म्हणायचा, "लेक सासरी चाललीया. ओटी भरल्याबिगर धाडू व्हय रं?" मग ट्रक हायवेला वळेपर्यंत फाटकात उभे.

आणि मग तिकडून फोटो आले. मशीन केलेल्या गुळगुळीत भागांवर तांबडे ठिपके, शिंतोडे उडावेत तसे. पुन्हा असं झालं तर काम जाईल, मालकांनी स्पष्टच सांगितलं. मी कॉलेजची पायरी चढलेलो नव्हतो. गिऱ्हाईकाचे इंग्रजी कागद डिक्शनरी घेऊन वाचत डिस्पॅचचं काम शिकलेलो. अंदाजावर बोलणं मला जमत नाही. दोन बाद तुकडे घेतले. एकावर नुसतं गंजरोधक तेल लावलं, दुसऱ्यावर आधी तुमचं पाणी शिंपडून मग तेच तेल. दुसऱ्यावर तेच ठिपके उठले. तो तुकडा सगळ्या पॅकिंगवाल्यांदेखत तुमच्यापुढं धरला. तुम्ही अंगठ्यानं घासून बघितलात. "व्हय की. माझंच पाणी हाय." कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, आता तेलानंच ओटी भरा!" सगळे हसले, तुम्हीही. काम टिकलं. पण पुढं रिटायर होईपर्यंत, ट्रक सुटायची वेळ झाली की "हात तेलकट झाल्यात" म्हणत तुम्ही मागच्या नळावर हात धुवायला जायचा. फाटकात कधी आला नाहीत.

आज सील लागल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "पावणं, नारळ न्हाय फोडत व्हय तुमच्यात?" मी म्हटलं, "न्हाय. माल गंजतो." तो चहाला गेला. नारळ माझ्या पिशवीत होता, दर खेपेला असतो. चाकाजवळ फोडला, आणि ओंजळभर पाणी बंद दारावर बाहेरून शिंपडलं. बाहेरून काही बिघडत नाही, हे मला नीट ठाऊक आहे. हा कागद कुठल्या पोस्टात टाकायचा नाही, म्हणून लिहितो: ड्रायव्हर परत आला तेव्हा मी मागच्या नळावर होतो. त्याला म्हटलं, हात तेलकट झालेत.