डाव्या हातानं खाणारी

शारिकभाई, सलाम.

काल तुम्ही दोहाहून फोनवर विचारलंत, "अम्मीला अजून नसलेली माणसं दिसतात का?" मी "नाही" म्हणाले. ते खोटं होतं.

सोमवारी दुपारी मी अम्मींना पेज भरवत होते. दाराकडे बघून त्या म्हणाल्या, "अगो रुचिता, ही पोर डाव्या हातानं खाते. आईनं वळण न्हाय लावलं?"

अशा वेळी वाद घालायचा नाही, असं आम्हा नर्सना शिकवतात. मी विचारलं, "भीती वाटते का, अम्मी?"

"पोरीची कसली भीती? पुढचे दात पडलेत. हसते, आन तुलाच बघते."

माझी मुलगी प्राप्ती डावखुरी होती. सात वर्षांची असताना आमच्या गावी, तळ्याला, तापानं गेली. या घरात मी हे कुणालाच सांगितलेलं नाही.

भास होत असतील तर गोळी बदलू, असं डॉक्टर म्हणालेत. त्या पोरीला घास द्यायला उठताना अम्मी दोनदा पडता पडता वाचल्या. तुम्हाला कळवायलाच हवं. पण रोज जेवताना मीच विचारते, "अम्मी, ती आली का?" त्या नाही म्हणाल्या, तर हो म्हणेपर्यंत विचारत राहते.

तुमच्या अम्मींजवळ असलेली,
रुचिता