धुऊन उपडं घातलेलं ताट

आत्याबाई, मागच्या महिन्यात चिंचवडच्या एका मोठ्या हॉलमध्ये तुम्हाला हसताना पाहिलं. स्टेजच्या मागं माणसाच्या दुप्पट उंचीचा फ्लेक्स लावला होता आणि त्यावर तुम्ही. रेशनकार्डासाठी काढलेला तुमचा तो एकुलता एक फोटो, ज्यात फोटोवाल्यानं तुमचं काहीतरी लंपास केलंय अशा नजरेनं तुम्ही बघताय, त्याच फोटोला तुमच्या नातवानं कॉम्प्युटरवर हसवलंय. नाकात नथ घातलीय, गाल भरलेत, पदराला इस्त्री मारलीय. तुमची सून म्हणून एका चुलीपुढं उभा जन्म काढला, पण तुमचे वरचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. ते तुमचे नसणार, पण छान होते.

हे मी सांगतेय आणि माझी नात लिहून घेतेय. ती मघाशी विचारत होती, "आजी, 'न्हाई' लिहू का 'नाही'?" मी म्हटलं, तुला शाळेत शिकवलं तसं लिही, फक्त माणसं बोलतील तिथं त्यांचं त्यांना बोलू दे. तसंही जी सांगतेय तिला अक्षर येत नाही, जिला सांगायचंय तिलाही कधी आलं नाही, आणि ती जाऊन इतकी वर्षं झाली की पत्ता विचारावा असंही कुणी उरलं नाही. असलं पत्र पोस्टमनच्या हातात दिलं तर तो बिचारा नोकरी सोडून जाईल. म्हणून कुठं पाठवायचं वगैरे काही नाही. मनात आहे ते एकदा बाहेर पडू दे, एवढंच.

तुमचा नातू, म्हणजे माझा मुलगा, आता मोठा माणूस झालाय. आपल्या कुरुळीच्या पडवीत चुलीवर सुरू झालेली खानावळ आता चाकणला पत्र्याच्या शेडमध्ये असते आणि तिला किचन म्हणतात. कंपन्यांच्या कॅन्टीनला तिथून जेवण जातं. चपात्या मशीनमधून पडतात, सगळ्या एकसारख्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, ह्यांना कुणी आई-बाप हायेत का. तर धंदेवाल्यांच्या कुठल्याशा मंडळानं त्याला बक्षीस दिलं, त्याचा तो समारंभ. मला नवं लुगडं नेसवून पहिल्या रांगेत बसवलं, छातीवर एक चिठ्ठी टोचली. फ्लेक्सवर तुमच्या फोटोखाली काय लिहिलंय ते मी नातीला वाचायला लावलं. "आजीचे संस्कार, हाच आमचा व्यवसाय," तिनं वाचलं. मी म्हटलं, "का गं, तुझा बाप आता संस्कार विकतो व्हय?" ती म्हणाली, "आजी, हळू बोल, व्हिडिओ चालू आहे."

मग तो बोलायला उभा राहिला आणि त्यानं आभार मानायला सुरुवात केली. कंपनीच्या साहेबांचे मानले, बँकेच्या मॅनेजरचे मानले, गॅसवाल्याचे, चाकणच्या बाजारातल्या भाजीवाल्यांचे, टेम्पोच्या ड्रायव्हरचे, हिशोब बघतो त्या सीएचे. असं वाटलं की आता हॉलच्या पंख्याचेही मानेल. शेवटी तुमच्याकडं वळला. म्हणाला, "माझी आजी रोज चूल विझली की माझ्या आईचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, पोरी, तू हायेस म्हणून माझी खानावळ हाय. कृतज्ञता आम्ही तिथं शिकलो." सगळा हॉल हळहळला. माझ्या शेजारच्या बाईनं डोळे पुसले. मी तुमच्या त्या नव्या दातांकडं बघत राहिले.

आत्याबाई, तुम्ही माझा हात एकदाच हातात घेतलात. मी लग्न होऊन आले त्या साली भाकरी उलटताना माझं बोट तव्याला चिकटलं, तेव्हा. बोट बघितलंत, पिठात बुडवलंत आणि म्हणालात, "भाकरी करपली बघ." पडवीत जेवायला बसलेल्या माणसांनी ते ऐकलं. ती करपलेली भाकरी तुम्ही म्हशीला घातलीत आणि म्हशीनं खाल्ली तेव्हा म्हणालात, "ती मुकी हाय म्हणून खाती."

आणि तरी आभाराचा नियम तुमच्याएवढा कुणाला पाठ नव्हता. गावाच्या कडेनं कंपन्या उभ्या राहिल्या, लातूर-परभणीकडची माणसं खोल्या धरून राहायला लागली आणि तुमच्या पडवीत जेवायला यायला लागली. नवा माणूस पहिल्या दिवशी पोटभर जेवला की हात जोडायचा. "मावशी, लई उपकार झाले, घरच्यावानी जेवलो." तुम्ही त्याच्याकडं बघायच्याही नाहीत. "तोंडानं नको सांगू. ताट धू आन् फळीवर उपडं घाल. मला समजंल." पडवीच्या टोकाला रांजण, राखेचं टोपलं, नारळाची शेंडी. तिथं फिटर बसून ताट धुतो, वेल्डर धुतो, एकदा आलेला सुपरवायझर साहेबसुद्धा बाह्या दुमडून धुतो आहे, हे मला अजून दिसतं. जेवणं आटोपली की तुम्ही फळीकडं एक नजर टाकायच्या. उपडी ताटं बघून तुमचा चेहरा जरा सैल पडायचा. तेवढंच तुमचं हसणं. फ्लेक्सवर ते काढता आलं नसतं.

त्यात एक लातूरकडचा होता, जीभ फार तिखट. एक दिवस ताट धुता धुता म्हणाला, "मावशी, आमी आमचं ताट धुतलं, आभार फिटले. पर तुमी सुनंच्या हातचं जेवता, तवा तुमचं ताट कोण धुतंय?" मी आत चुलीपाशी हातातली भाकरी तशीच धरून थांबले, तुम्ही काय म्हणताय ते ऐकायला. तुम्ही म्हणालात, "ती धुती. ती घरची हाय. घरच्याचं कुठं आभार मानत्यात? आभार परक्याला." माणसं हसली, लातूरकरही हसला. भाकरी फुगली होती, ती मी परत तव्यावर टाकली आणि मुद्दाम करपू दिली.

दिवाळीला तुम्ही गिरणीवाल्याला फराळ द्यायच्या, दूधवाल्याला द्यायच्या, सरपण आणणाऱ्याला धोतर. मला म्हणायच्या, "तुझं तू घे डब्यातनं." मी घेतलं. कधी घेतलं नाही, तेही तुम्हाला कळलं नाही.

तर हॉलमध्ये तुमचा नातू माईक घेऊन खाली उतरला, माझ्यापुढं वाकला आणि म्हणाला, "आई, तूच सांग सगळ्यांना. म्हणायची ना आजी असं?" एवढी माणसं, एवढे दिवे. त्याचा चेहरा असा झाला होता की जणू लहानपणी काहीतरी फोडून मला साक्षीला बोलावतोय. मी म्हटलं, "व्हय, म्हणायच्या की." टाळ्या पडल्या. खोटं तर खोटं, पण टाळ्या वाजत होत्या तोवर मला ते खरं वाटलं, आणि बरंही वाटलं. त्याचाच मला राग आलाय. एवढं सोपं होतं ते. माईकमध्ये बोलायला त्याला श्वास लागला तेवढाच तुम्हाला लागला असता.

परत येताना मोशीच्या अलीकडं कंटेनरच्या मागं गाडी अडकली. मी त्याला विचारलं, "सगळ्यांची नावं घेतलीस. बायकोचं न्हाई घेतलंस?" माझी सून पहाटे उठून त्या शेडवर जाते. कांदा किती, तेल कसं, कुठल्या कंपनीत कुणाला तिखट चालत नाही, सगळं तिच्या डोक्यात. समारंभाला ती आली नव्हती, कारण दुसऱ्या शिफ्टचं जेवण जायचं होतं. आम्ही तिच्याच जिवावर टाळ्या घ्यायला गेलो होतो. मुलगा हसला. म्हणाला, "अगं आई, ती घरचीच आहे. तिचे काय स्टेजवर आभार मानायचे? लोक हसतील." आत्याबाई, तुम्ही त्याला संस्कार दिले नाहीत असं कोण म्हणेल. अगदी तुमचेच दिलेत.

घरी आलो तर सून नुकतीच शेडवरून आली होती. हॉलमधलं जेवण माझ्या घशाखाली उतरलं नव्हतं. तिला ते कसं कळलं कुणास ठाऊक, तिनं मुगाची खिचडी टाकली, वर कढी. मी जेवले. ती समोर भिंतीला टेकून बसली होती, पायाला सूज. म्हणाली, "झाला का छान कार्यक्रम?" मी म्हटलं, "झाला." मला अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण ते ओठाशी येऊन असं परक्यासारखं उभं राहिलं की मला त्याला आत घेता येईना आणि बाहेरही काढता येईना. मग मी उठले, माझं ताट उचललं, सिंकपाशी गेले आणि धुवायला लागले.

ती धडपडत उठली. "आई, काय झालं? ताटाला काही लागलं होतं का?"

"न्हाई."

"मग तुम्ही का धुताय? तिखट-मीठ काही चुकलं का?"

"काही न्हाई चुकलं. धुती मी माझं."

"मी कार्यक्रमाला आले नाही म्हणून राग आहे ना? मग तोंडानं बोला की. शेडवर कोण बघणार होतं?" आणि तिनं माझ्या हातातून ताट ओढून घेतलं, साबण लावला आणि माझ्यादेखत पुन्हा घासलं.

मी तिथंच उभी राहिले, आत्याबाई. कारण हे सगळं मला पाठ होतं, फक्त मी दुसऱ्या बाजूला होते.

तुमचे गुडघे गेले ते शेवटचे महिने. खानावळ मीच बघत होते, तुम्ही खाटेवर. दुपारचं जेवलात की भिंतीला धरत धरत रांजणापाशी यायला लागलात, आणि स्वतःचं ताट स्वतः धुवायला लागलात. उभ्या आयुष्यात घरात तुम्ही ताट धुतलं नव्हतं. मला काय वाटणार? मी म्हटलं, "माझ्या हातचं चालंना व्हय आता? का गावाला दाखवायचंय, सून म्हातारीचं ताटबी धुवत न्हाई?" ताट तुमच्या हातातून हिसकावून मी पुन्हा घासलं, तुमच्यादेखत, राख जरा जास्तच घेऊन. तुम्ही ओले हात पदराला पुसलेत आणि फळीकडं बघत बसलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात, मी पुन्हा हिसकावलं. असं बरेच दिवस चाललं. मग तुम्हाला उठता येईना, आणि मला वाटलं, सुटले त्या टोमण्यातून.

आता तुम्ही म्हणाल, मला समजंल असं मी साऱ्या गावाला सांगत होते, तुला कसं समजलं नाही? कारण तुम्हीच सांगून ठेवलं होतंत की घरच्याला आभार नसतात. दोन्ही नियम तुमचेच. मी कुठला धरायचा होता? आणि कदाचित तसं काही नसेलही. कदाचित माझ्या हातचं ताट तुम्हाला खरंच तेलकट लागत असेल. तुमची नजर तशी होतीच. ते आता कुणाला विचारू? फ्लेक्सला? मला तुम्हाला फार चांगलं करायचं नाहीये; ते काम तुमच्या नातवानं करून ठेवलंय. मला एवढंच म्हणायचंय की तुम्हाला तोंड होतं. म्हशीशी बोलायला होतं, गिरणीवाल्याशी होतं.

इथं नातीनं पेन थांबवलंय. विचारतेय, "आजी, हे आईला वाचून दाखवू?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "घरच्याला काय वाचून दाखवायचं?" ती म्हणाली, "हेही लिहू का?" लिही म्हटलं.

त्या दिवसापासून मी रोज माझं ताट धुते. सून रोज ते पुन्हा घासते आणि भांडी जरा आपटते. तिला वाटतं, म्हातारी टोमणा मारतेय. तुम्हाला म्हणून सांगते, आत्याबाई, धुताना त्यात थोडा टोमणाही असतो.