आबांचा डावा हात

गाव, मार्गे सोनपेठ
फेब्रुवारी १९९४

प्रिय पंडितदादा,

सप्रेम जयभीम. हे पत्र कारखान्यात उघडू नकोस. खोलीवर जा, पाणी पी, बस आणि मग वाच, असं मायनं पहिल्यांदा लिहायला लावलंय. ती चुलीपाशी बसून माझ्याकडे पाहतेय. तिला वाचता येत नाही, पण माझा पेन थांबला की तिला बरोबर कळतं.

तू पाठवलेला फोटो घरात आहे. दाढी पार छातीपर्यंत आलीय तुझी. मायनं तो उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाली, "हे कोन फकीर म्हनायचं गं?" मग पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसली. आबांनी तो हातातही घेतला नाही. मी तो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला, तर दुसऱ्या दिवशी तो आबांच्या उशाखाली निघाला. कुणी काढला हे मी विचारलं नाही. तेव्हा ते चालतेफिरते होते.

पोळ्यानंतर त्यांना लकवा झाला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली, हे मी तुला कळवलं होतं. तुला सुट्टी मिळाली नाही. पण त्या पत्रात मी आबांच्या दाढीबद्दल लिहिलं नव्हतं, कारण लकव्यापुढे दाढी ती काय, असं तेव्हा मला वाटलं होतं. मला आबा कळलेच नव्हते म्हण.

गावातल्या न्हाव्यानं आपल्या वस्तीतल्या माणसाला कधी हात लावला नाही, म्हणून आबा स्वतःच वस्तरा शिकले आणि रविवारी लिंबाखाली पोतं टाकून सगळ्या वस्तीच्या दाढ्या करू लागले. तुझी पहिली मिसरूडही त्यांनीच काढली. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मला आठवतात ते नामांतराच्या दंगलीत आपली घरं जाळल्यानंतरचे आबा. आपण पाथरीला मावशीच्या ओसरीत पडून होतो आणि त्यांची दाढी वाढलेली होती. जबड्याखाली भाजलेलं, त्यावर पांढरे-काळे केस. मी लहान होते. ते जवळ आले की मी रडायची. गावात परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते दाढीचं. नंतर एक सकाळ त्यांनी चुकवली नाही. दाढी झाल्याशिवाय चहा घेत नसत. दाढी वाढली की त्यांना पुन्हा त्या ओसरीत गेल्यासारखं होत असावं. आता हात गेला आणि दाढी वाढू लागली. कुणी भेटायला आलं की ते भिंतीकडे तोंड करून निजायचे. पुढे पुढे जेवणही भिंतीकडे तोंड करूनच.

मी काय केलं असेल, सांग. बी.ए. झालेली मुलगी करील तेच. बन्सीधर न्हाव्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि त्याला अस्पृश्यतेचा कायदा सांगितला. तो धोकटी आवरत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाला, "ताई, कायदा लय चांगला हाय. पर कायद्याला दाढी नसती. तुमच्या दारी आलो की गावाच्या दाढ्या बंद होत्यात माझ्या." मी तहसीलला जायची भाषा करून घरी आले. आबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डाव्या हातानं ताटली भिरकावली. इतक्या वर्षांत जे त्यांनी मागितलं नाही, ते मी त्यांच्या नावानं मागून आले होते.

मग मी वस्तरा काढला. मायनं कपाळावर हात मारला. "बाईच्या जातीनं वस्तरा धरावा व्हय? बापाचं नरडं कापशील, आन् वरून म्हनशील मी बी.ए. हाय." मी आधी कुंपणावरच्या कोवळ्या दुधीला साबणाचा फेस फासला. त्याची लव निघेपर्यंत भोपळ्यावर इतके ओरखडे पडले, की त्याची भाजी करताना माय हसत होती. लकव्यानंतर ती पहिल्यांदाच हसली. पण धार लावताना मी घोळ केला. आबा समता सैनिक दलाच्या त्यांच्या जुन्या पट्ट्यावर वस्तरा घासायचे, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं; मात्र पात्याची पाठ पुढे ठेवून घासायचं असतं, हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी धार पुढे करून ओढला आणि पट्टा मधोमध चिरला. मला रडू आलं. आबांनी हात पुढे केला, पट्टा मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं वस्तरा उलटा धरून हळूच ओढून दाखवला. मग पुन्हा. मग माझ्याकडे दिला. कितीतरी दिवसांनी त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

तिथून ते मला शिकवू लागले. बोलता येत नव्हतं, नुसतं "हं" आणि "अंहं". पातं उभं धरलं की "अंहं", गालावर जवळजवळ निजवलं की "हं". सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कातडी. ती सैल राहिली की वस्तरा अडकतो आणि रक्त काढतो. आबा डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन स्वतःचा गाल ताणून धरायचे आणि मी ओढायची. जबड्याखाली, भाजल्याच्या वणापाशी, कातडी कागदासारखी चुरगळलेली होती. तिथे ते बोटं पक्की रोवायचे आणि डोळे मिटायचे. तिथे मी त्यांना बऱ्याचदा कापलं. ते कधी "अंहं" म्हणाले नाहीत. मी तुरटी फिरवायची आणि ते माझ्या कपाळाला लागलेला फेस पुसायचे.

जानेवारीत रेडिओवर विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली त्या सकाळी त्यांनी स्वतःच वस्तऱ्याकडे बोट केलं. मी इतकी सावकाश दाढी केली की पाणी दोनदा तापवावं लागलं. कुठेही रक्त आलं नाही. पांढरा सदरा घालून त्यांना दारात बसवलं. वस्तीत ढोल वाजत होता, पोरं गुलाल उधळत होती. आबांनी खुणेनं माझं पदवीचं प्रमाणपत्र मागवलं आणि विद्यापीठाच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, आबा, माझ्या प्रमाणपत्रावर जुनंच नाव आहे, मी आधी पास झाले. ते बराच वेळ तिथेच बोट ठेवून होते. मग रस्त्याकडे पाहू लागले. सोनपेठहून येणारी बस त्या वेळेला यायची. नंतर रोज ते दाढी झाल्यावर दारात बसवायला लावायचे आणि बस गेल्यावर आत न्यायला. कुणाची वाट पाहता, असं मायनं एकदाही विचारलं नाही.

दादा, आता ते सांगते. मी तार करणार होते. माय म्हणाली, "तारंत दोनच सबूद येत्यात, पोरगं तितं एकटंच हाय. सगळं लिव्ह, मंग ते लिव्ह." आबा मंगळवारी पहाटे गेले. सकाळी बन्सीधर आपल्या वस्तीत आला, पहिल्यांदाच. काखेत धोकटी होती. लिंबाखाली उभा राहून म्हणाला, "शेवटची मी करतो." मायनं त्याला तिथेच थांबवलं. "जित्या मानसाला कधी हात लावला न्हाईस रं बाबा. आता ऱ्हाऊ दे." तो गेला नाही, तिथेच बसून राहिला. दाढी मी केली. जबड्याखालच्या वणापाशी आले आणि सवयीनं थांबले, की आता हात वर येईल. हात आला नाही. मग मीच एका हातानं कातडी ताणली आणि दुसऱ्या हातानं वस्तरा ओढला. संध्याकाळी मायनं मला जे सांगितलं, ते आबांनी आपल्या गळ्याची शपथ घालून तिला इतकी वर्षं कुणाला सांगू दिलं नव्हतं. घरं जाळणाऱ्यांची नावं आबांनी पोलिसांना सांगितली नाहीत, म्हणून तू त्यांना म्हणाला होतास, "तुमच्या वस्तऱ्याला धार हाय, तुमाला न्हाई", आणि ते नावं सांगेपर्यंत दाढी करणार नाही म्हणून निघून गेलास. पंचनाम्याच्या आदल्या दिवशी त्या जाळणाऱ्यांतल्याच व्यंकटरावानं आबांना बांधावर गाठलं होतं. "लिंबाजी, तुझं पोरगं कोन्त्या बसनं परभणीला शिकाया जातंय, ते ठाऊक हाय आमाला." बस, एवढंच. तुला सांगितलं असतं तर तू त्याच्या दारात जाऊन उभा राहिला असतास, म्हणून आबांनी तुझी शिवी घेतली आणि तुला जाऊ दिलं. व्यंकटराव आता पारावर बसलेला असतो, म्हातारपणी त्याला डोळ्यांनी दिसत नाही. काल मी त्याच्या समोरून गेले. काय करावं ते मला कळलं नाही. आबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे. ये. लिंबाखाली पोतं टाकून ठेवते. दाढी ठेवायची की काढायची ते तू ठरव. चिरलेला पट्टा मी शिवून घेतलाय, वस्तऱ्याला धार आहे आणि माझा हात आता कापत नाही. कातडी मात्र तुला ताणून धरावी लागेल.

तुझीच,
पंचशीला