काइनचा निवाडा आणि आप्पांची शंका

ती. राजश्री आक्कास,

राजमतीचा जय जिनेंद्र. (दाजींनाही सांग, त्यांना चालत नसेल तर नुसता नमस्कार.) तुझी कंबर आता कशी आहे? खासबागेतल्या तुमच्या घराचा जिना फार चढू नकोस. इथे निपाणीत सगळे बरे आहेत. दाजी ख्रिस्ती म्हणून आप्पा अजून तुझं नाव घेत नाहीत, तेवढं सोडून.

आता घोटाळा ऐक. मला पदवी मिळाली म्हणून दाजींनी दिलेलं बायबलच्या गोष्टींचं पुस्तक मी वाचत होते. आप्पांनी "काय वाचालीस?" म्हणून विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी, तेव्हा प्रबोधन करणं आलंच. मी दोन भावांची गोष्ट वाचून दाखवली. शेतकरी काइनने देवापुढे धान्य ठेवलं, मेंढपाळ हाबेलने कोकरू कापून वाहिलं. देवाला कोकरू पसंत पडलं आणि चिडलेल्या काइनने भावाला शेतात नेऊन मारलं, म्हणून देवाने त्याला देशोधडीला लावलं. मला मत्सराचे तोटे सांगायचे होते. आप्पा म्हणाले, "पयली हिंसा कुणी केली? कोकरू कापणाऱ्यानं! धान्यवाला आपला माणूस."

"आपला म्हणं! सख्खा भाऊ मारलाय त्यानं," आई कडाडली.

मी मुद्दा काढला की तोवर जगात एकही माणूस मेला नव्हता, मग घाव घातल्यावर माणूस मरतो हे काइनला कुठून कळणार? (असा वाद घालताना तूच हवी होतीस गं.) आप्पा विचारात पडले आणि आपल्याच माणसावर उलटले. "मनातला भाव बघायचा. शेतात बोलवून नेला, म्हंजे आधीच मनात होतं."

सकाळी त्यांनी हा निवाडा बस्तीत, देवदर्शनाला आलेल्यांपुढे मांडला. फक्त गोष्ट कुठली ते सांगायचं राहिलं. दुपारी शेजारच्या शालूबाई धुवट लुगडं नेसून दारात हजर. "चिकोडीकडची पोरं म्हणं. चला, त्यांच्या आईला भेटून येऊ." ती आई जगातली पहिलीच बाई होती, हे समजावताना माझी पदवी पणाला लागली.

शालूबाई गेल्या आणि आप्पा पुन्हा पुस्तकाकडे वळले. मग म्हणाले, "एक पोरगं मेलं, एक परागंदा झालं. घर सोडून गेलेल्याला बापानं परत बोलावलं का न्हाय?" मी पानं उलटली. काइनला कुणी मारू नये म्हणून देवाने त्याच्यावर खूण केली, एवढंच होतं. "देवानं राखला, मग बापाला काय झालतं?" असं म्हणून ते कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत बसले. (तू कुणाला मारलेलं नाहीस, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.)

तुझी,
राजमती

ता. क. : आप्पा म्हणाले, "हे जावयालाच विचारायला पायजे." जावई हा शब्द त्यांचा, माझा नाही. रविवारी चर्च सुटलं की दोघं निघा. आपल्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात, हे दाजींना सांग.

पुन्हा ता. क. : बोलावणं शंकेपुरतंच आहे, मुक्काम करायचा नाही, असं आप्पांनी तीनदा बजावलंय. तुझी गादी सकाळी त्यांनीच उन्हात टाकली.