उजव्या टोकाची रेघ

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, विद्यापीठात धातुसंयुगांचे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. 

१. राहते घर व ठेवी पत्नीला. तिच्या हयातीत मुलांनी हक्क सांगू नये.

२. धाकट्या भावाला माझे एकही पुस्तक देऊ नये. नेलेली सतरा त्याने परत केलेली नाहीत; ती त्याचीच समजावीत.

३. माझे सुवर्णपदक विभागाला परत करावे. कारण सांगणे भाग आहे. एकतीस वर्षांपूर्वी माझी संशोधक विद्यार्थिनी इरिडियम या धातूच्या संयुगाचा, यंत्रातून निघालेला आलेख घेऊन आली. "सर, अगदी उजव्या टोकाला रेघ येतेय. म्हणजे हायड्रोजन थेट धातूला जोडलाय." ज्या शोधनिबंधासाठी हे पदक मिळाले, त्यात तो कार्बनला जोडलेला होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "ही यंत्राची खरखर आहे. नसेल, तर आलेख तू खोटा बनवलायस." तिने प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवली. तिची पीएच.डी. तिथेच सुटली.

गेल्या मंगळवारी माझ्या जागी आलेल्या प्राध्यापिकेने त्याच संयुगाची तेव्हाची सीलबंद नळी नव्या यंत्रात तपासली. तीच रेघ, त्याच जागी. मी स्टुलावर बसलो. "सर, पाणी आणू?" मी त्या विद्यार्थिनीचा पत्ता मागितला.

४. विद्यार्थिनी आता दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत असते. काल जाऊन तिला सांगितले. तिने हातातली दुधाची नळी स्टँडमध्ये ठेवली. मग म्हणाली, "सर, इतकी वर्षं मला वाटत होतं, माझीच नजर चुकली."

मला वाटले होते, ती माझ्यावर चिडून गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता! 

मी म्हणालो, "तुझ्या नावे काहीतरी लिहितो."

"मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येतं?"

"नाही."

"मग काही नको. सही करायला येते."

५. चूक कबूल करणारा निबंध मी नियतकालिकाला पाठवला आहे. तिचे नाव आधी, माझे नंतर. छापून येईपर्यंत माझ्या मुलीने पाठपुरावा करावा, मी असो वा नसो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोघांसमोर मोठ्याने वाचला, सही केली.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल. तारीख: सहा फेब्रुवारी.

साक्षीदार:
(१) शेजारी, दंतवैद्य.
(२) माझी विद्यार्थिनी. व्यवसायापुढे तिने आधी 'दूध तपासनीस' लिहिले, मग ते खोडून 'रसायनशास्त्रज्ञ' लिहिले. सदर खाडाखोड मला मंजूर आहे.