तिसरा कोंब

आबा, झाड वाळलं. आधी तेवढं सांगून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि तेच राहून जाईल. उद्या तुमचा म्हाळ आहे. खाली तुमची सून वड्यांची डाळ निवडते आहे आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो आहे. समोर कुंडी आहे. गेल्या महिन्यापर्यंत बुंध्याला नखानं खरवडलं की हिरवी रेघ दिसायची, आता तीही दिसत नाही. तरी रोज पूजा झाल्यावर तांब्यात उरलेलं पाणी मी त्याच्या मुळाशी ओततो. देवापुढून उठताना हात आपोआप तिकडं जातो.

पन्हाळ्याच्या पायथ्याची ती रोपवाटिका आता नाही, तिथं लग्नाचं कार्यालय झालंय. पण डोळे मिटले की मी चौथीत असतो. शाळा सुटली की घरी न जाता दप्तरासकट तुमच्याकडे येतो. तुम्ही वाफ्यापाशी उकिडवे बसलेले असता, शेजारी थोरल्या झाडाच्या, म्हणजे ज्याचं बी तुम्ही धरायचा त्याच्या, पिवळ्या झालेल्या लिंबांची पाटी. लिंबं पिळून बिया धुवायच्या, बुळबुळीतपणा जावा म्हणून राखेत चोळायच्या, एखादा दिवस सावलीत ठेवायच्या आणि लगेच पेरायच्या. लिंबाची बी पार वाळली की मेली, असं तुम्ही म्हणायचा. त्या दिवशी तुम्ही अंगठ्याच्या नखानं एका बीचं साल सोललं आणि ती तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरली. आत एकाच्या जागी तिघं होते, एकमेकांना चिकटून. दोन फुगीर आणि एक तांदळाच्या कणीएवढा.

"आबा, तिळी हाईत की ही!"

"तिळी कसली लेका. ही दोन आईवर गेल्यात. ह्यो बारका कुणावर गेलाय, देवाला ठावं."

बिया उगवल्या की ते बारके शोधून उपटायचे, हे तुमचं रोजचं काम. एका जागी तीन कोंब आले की दणकट ठेवायचे, वेगळा दिसणारा काढायचा. "ह्यो जगला तर भलतंच फळ देतोय. मग गिऱ्हाईक घरापातूर येऊन शिव्या घालतंय." तुमची बोटं इतक्या सहज चालायची की उपटताना तुम्ही तिकडं बघतसुद्धा नव्हता. एक दिवस मला बघवलं नाही. घरात मीच सगळ्यात धाकटा, हडकुळा, बारा महिने खोकणारा. मी तुमच्या हातातलं रोप हिसकून घेतलं आणि रडायला लागलो. पिशव्या भरणारी मावशी हसून म्हणाली, "आबा, तुमचं बारकं बारक्याची बाजू घेतंय बघा." तुम्ही मात्र चिडला. "रडतोस काय झाडासाठी? न्हाय जगायचं ते. टाक खाली." मी टाकलं नाही. तुम्ही मान वळवून पुढचा कोंब उपटला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तेलाचा रिकामा डबा घरी घेऊन आलात. खिळ्यानं तळाला भोकं पाडलीत, भोकांवर खापरीचे तुकडे ठेवलेत, वर पोयटा आणि शेणखत. "भोक न्हाय ठेवलं तर पाणी साचून मुळी कुजती. आन् रोज पाणी घालायचं न्हाय. मातीत बोट घाल. दोन पेरं कोरडं लागलं तरच." तुम्ही मला दुसरं काही दिल्याचं आठवत नाही. कपडे, पुस्तकं सगळं थोरल्यांचं उतरून आलेलं. हा डबा फक्त माझा होता.

आणि रोप जगलं. रोपं न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना तुम्ही सांगायचा, "पावणं, ह्यो आमचा धाकटा. टाकलेलं रोप जगीवलंय ह्यानं." तुम्ही माझ्याबद्दल असं दुसऱ्या कशासाठी कधी बोलला नाहीत. दहावी पास झालो तेव्हासुद्धा नाही. दहावीनंतरच्या वर्षी झाडाला पहिलं लिंबू आलं. तुम्ही खिशातल्या चाकूनं ते उभ्याउभ्या कापलंत, एक फोड चोखलीत, परत एकदा चोखलीत. मग म्हणालात, "थोरल्या झाडाचंच लिंबू हाय की हे." माझ्याकडं बघितलंत. दुसऱ्या फोडीला मीठ लावून माझ्या हातावर ठेवलीत आणि कामाला गेलात. त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

नोकरीसाठी कोल्हापुरात आलो तेव्हा ट्रंक, देवाचा फोटो आणि ते झाड एवढंच घेऊन आलो. भाड्याच्या खोल्या बदलल्या तशी त्याची भांडी बदलली. डबा, मग बादली, मग मातीची कुंडी, शेवटी हा कापलेला ड्रम. दोन वर्षांतून एकदा झाड बाहेर काढायचं, गुंडाळलेल्या मुळ्या कडेनं छाटायच्या, माती बदलायची. लिंबं थोडी यायची, पण भाद्रपदात तुमच्या ताटाला एक असायचंच. गेली दोन वर्षं तेही आलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरच्या मॅडम गच्चीवर वाळवण घालायला आल्या. त्या शेतकी कॉलेजात शिकवतात. मी त्यांना झाडाची हकिकत सांगितली, ती सगळ्यांना सांगतो तशीच. त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाल्या, "काका, तुम्हाला माहितेय का, लिंबाच्या बीत बहुतेक कोंब नुसते आईच्या अंगातून फुटलेले असतात. बापाचा त्यात काही संबंध नसतो. दोघांचा मिळून झालेला कोंब एखादाच, आणि बाकीचे त्याला दाबून टाकतात. तुमचे वडील उपटायचे ना, तोच बहुतेक तो." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही लावलं ते बारकंच ना?" मी हो म्हणालो. "मग फळ वेगळं असेल." मी म्हणालो, जरा वेगळं आहे.

आबा, तुम्ही जन्मभर ज्यात बाप होता तेवढाच कोंब उपटत राहिला, आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मला ते ऐकून जेवण गेलं नाही. तुमच्या सुनेला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिनं कुंडीला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. म्हणाली, "म्हंजे मामंजीच म्हणायचं की हे. आपल्याला न्हाय पोरबाळ, पण मामंजी तरी घरात हाईत." मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. शुक्रवारी अंबाबाईला जाऊन आलो आणि कबूल केलं, की या म्हाळाला ताटात ह्याच झाडाचं लिंबू ठेवीन.

म्हणून मी ताण दिला. तुम्ही जमिनीतल्या मोठ्या झाडांना द्यायचा तसाच. थंडीत पाणी तोडायचं, पानं गळायला लागली की संक्रांतीच्या सुमाराला भरपूर पाणी सोडायचं, म्हणजे झाड फुलांनी भरतं. शेतातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण शेतातलं झाड तहानलं की मुळ्या खाली खाली जातात, कुठंतरी ओल सापडते. ह्याच्या मुळ्या ड्रमच्या भिंतीला जाऊन थांबल्या, आणि खाली तापलेली गच्ची. महिनाभर मी रोज त्याला बघत होतो आणि पाणी देत नव्हतो. पानं गळाली तेव्हा मला आनंद झाला. पाणी सोडल्यावर फुलं आली, खूप आली, तुमची सून मोजायला लागली. मग एका आठवड्यात सगळी झडली आणि फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या. मॅडम म्हणाल्या, "काका, कुंडीतल्या झाडाला ताण देतं का कुणी?"

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. ज्याला तुम्ही डबा दिलात ते रोप आठ दिवसांत मेलं. बोट घालून बघायचा धीर मला नव्हता, मी येताजाता पाणीच घालत होतो. तुम्ही बाजाराला रोपं घेऊन गेला होता त्या दिवशी मी वाफ्यातलं एक दणकट रोप उपटून डब्यात लावलं आणि मेलेलं ओढ्यात टाकलं. संध्याकाळी तुम्ही डब्याकडं बघून म्हणालात, "लई लवकर अंग धरलं की ह्यानं." म्हणजे तुम्ही त्या डब्यात असलाच तर आठ दिवस होता. पुढची चाळीस वर्षं मी थोरल्याच झाडाची एक फांदी सांभाळत होतो म्हणायचं, आणि शेवटी तीही मारली. ते लिंबू चोखून तुम्ही माझ्याकडं बघितलंत तेव्हा तुम्हाला कळलं होतं का? विचारायला माझ्याकडे दोन वर्षं होती.

आत्ता तुमची सून जिन्यापर्यंत आली होती. "अवो, ताटाला बाजारातलं लिंबू चालंल न्हवं?" मी चालेल म्हणालो. तिनं वाळल्या झाडाला हात जोडले. तिला सगळं सांगायला मी तोंड उघडलं, आणि एवढंच म्हणालो, की झाडाला घालायला खालून तांब्या भरून आण.