उपचाराचे सगळे पॉइंट मी पुसले आहेत

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, धंदा शिवणकाम. शरीर थकले आहे, डोके ठणठणीत आहे. हे मृत्युपत्र मी माझ्या राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलाची मदत घेतलेली नाही. ओळखीचा वकील एकच, माझ्या धाकट्या भावाचा मित्र. कॉम्प्युटरवरच्या आमच्या खेळात त्याने स्वतःच्या पात्राचे सगळे पॉइंट 'मन वळवणे' या कौशल्यावर उधळले, आणि तरी पुलावरच्या पहारेकऱ्याने त्याला उचलून नदीत फेकले. असल्या माणसाकडून साधा अर्जही लिहून घेऊ नये.

१. दुकान, दोन्ही शिलाई मशिनी, मोठी कात्री आणि मागची खोली माझ्या भावजयीला मिळावी. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भावाला, नाही. तो दातांचा डॉक्टर आहे, त्याचे पोट भरलेले आहे.

२. भावाला आईची खाट द्यावी. आई तिच्यावर वर्षानुवर्षे पडून होती, आणि हा शहाणा फळे घेऊन यायचा, दारातूनच "कशी आहे?" विचारायचा नि सटकायचा. आता त्या खाटेवर निवांत पडून बघ म्हणावे.

३. खेळातले माझे पात्र. भांडण यावरूनच होणार, म्हणून सविस्तर लिहिते. दर रविवारी भाऊ, वकील आणि मी खेळायला बसायचो. पहिल्याच दिवशी कौशल्ये निवडताना भाऊ म्हणाला, "ताई, तू उपचार घे. तुला सवय आहे." स्वतः मात्र तलवार! या खेळात शत्रूला मारणाऱ्याला पॉइंट मिळतात, जखमा बांधणाऱ्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. त्यामुळे हे दोघे महावीर झाले आणि मी पट्ट्यांची पिशवी घेऊन मागे. ढाल कशी धरायची ते भावाला अजून येत नाही. गुहेत बेधडक घुसायचे, मरायचे आणि ओरडायचे, "ताई, उठव!" लाज कशी ती नाही.

गेल्या रविवारी मला उठून बसवेना. पलीकडे भाऊ बायकोला सांगत होता, "आता ताईचं पात्र तू चालव. उपचारच करायचेत. इथे ताईचं करतेस ना, तसंच." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला हाक मारून विचारले, "तुला खेळात काय घ्यावंसं वाटतं गं?" तर म्हणते, "ह्यांना विचारून सांगते."

म्हणून पात्र तिलाच मिळावे. निवडलेली कौशल्ये एकदाच पुसता येतात, ती मी आज पुसली. सगळे पॉइंट मोकळे आहेत. तिने धनुष्य घ्यावे, कुलपे फोडावीत, वाटल्यास उपचारही घ्यावेत. पण निवडताना नवरा घराबाहेर असावा.

४. वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून दाखवला तेव्हा भाऊ अगदी रडवेला झाला. "अगं ताई, मग गुहेत आम्ही मरू ना!"

मी म्हटले, "मर. मीही मरतेच आहे, मला कोण उठवतंय?"

तो बायकोकडे बघू लागला. ती माझी उशी नीट करत होती. हात न थांबवता म्हणाली, "ताई, मला आग फेकायचीय."

हे तिने कोणालाही न विचारता सांगितले, याची नोंद व्हावी.

साक्षीदार: १. समोरचा इस्त्रीवाला (सही) २. औषधाच्या दुकानातल्या बाई (सही)

लिहून देणार: ताई, शिवणकामवाली (सही)

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: आजचा रविवार. खेळ बंद.